बुडालेली जहाजे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बुडालेल्या जहाजांविषयी वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आधी प्राथमिक प्रश्न आहेत, नंतर अपवाद आणि वादाचे मुद्दे. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. जगभरात समुद्रतळाशी किती जहाजे पडून असतील?

युनेस्कोचा अंदाज ३० लाखांहून अधिक असा आहे. त्यात हजारो वर्षांपूर्वीची शिडाची गलबते आली, महायुद्धांतल्या पाणबुड्या आल्या आणि अलीकडची मालवाहू जहाजेही आली. यांतली बहुतेक बुडाल्यापासून कुणी पाहिलेली नाहीत. सापडलेली जहाजे बंदरांच्या तोंडाशी, खडकाळ किनाऱ्यांलगत आणि जुन्या व्यापारी मार्गांवर जास्त आहेत. तिथे अपघात जास्त होतात हे एक कारण, आणि शोध घेणारेही तिथेच जास्त जातात हे दुसरे.

२. जहाज तळाशी गेल्यावर त्याचे पुढे काय होते?

ते कशाचे बांधलेले आहे आणि कुठे पडले आहे यावर सगळे ठरते. लाकडी जहाजाचा मोठा शत्रू म्हणजे टेरेडो. शिंपल्यांच्या कुळातला हा प्राणी दिसतो मात्र लांबट अळीसारखा. डोक्याकडच्या दोन छोट्या शिंपांनी लाकूड किसत तो आत शिरतो आणि कल्ल्यांत राहणाऱ्या जिवाणूंच्या मदतीने ते पचवतो. उबदार खाऱ्या पाण्यात उघडी पडलेली फळी काही वर्षांत चाळणी होते. म्हणून जुन्या लाकडी जहाजाचा वरचा भाग सहसा नाहीसा झालेला असतो आणि गाळात रुतलेला तळ तेवढा उरतो, कारण गाळात ऑक्सिजन जवळजवळ पोचत नाही.

पोलादी जहाज गंजते. वेग जागेनुसार बदलतो, पण पत्र्याची जाडी वर्षाला दशांश मिलिमीटरच्या आसपास घटते असे ढोबळमानाने धरतात. सुमारे ३,८०० मीटर खोलीवरच्या टायटॅनिकवर गंजाचे लांब सुळे लोंबताना दिसतात. त्या सुळ्यांत जिवाणूंच्या वसाहती असतात. त्यांतून वेगळा केलेला हॅलोमोनास टायटॅनिके हा जिवाणू २०१० मध्ये नवी प्रजाती म्हणून नोंदवला गेला. गंज असा वर्षानुवर्षे मुकाट्याने चालतो, आणि मग कधीतरी एखादा डेक आपल्याच भाराने खाली बसतो. टाक्यांत तेल असेल तर हाच क्षण धोक्याचा असतो (प्रश्न ९).

३. मग काही जहाजे शेकडो वर्षे जशीच्या तशी कशी टिकतात?

लाकूड खाणारे जीव जिथे जगू शकत नाहीत तिथे ती टिकतात. स्वीडनची वासा ही युद्धनौका १० ऑगस्ट १६२८ रोजी पहिल्याच सफरीत, बंदरातून निघून दीडेक किलोमीटरही गेली नसेल तोच बुडाली. १९६१ मध्ये ती वर काढली तेव्हा तिच्यावरचे कोरीवकाम ओळखू येत होते. बाल्टिक समुद्राचे पाणी कमी खारट असल्यामुळे टेरेडो तिथे फोफावला नव्हता. काळ्या समुद्रात साधारण दीडशे-दोनशे मीटरखाली पाण्यात ऑक्सिजनच नाही. तिथे सुमारे २ किलोमीटर खोलीवर सुमारे २,४०० वर्षांपूर्वीचे ग्रीक जहाज डोलकाठीसह उभे असल्याचे २०१८ मध्ये जाहीर झाले. अंटार्क्टिकाजवळ बर्फाने चिरडलेले एन्ड्युरन्स १९१५ मध्ये बुडाले आणि मार्च २०२२ मध्ये ३,००८ मीटर खोलीवर सापडले. मागच्या बाजूवरचे नाव आजही वाचता येते. त्या खंडावर झाडेच नाहीत, त्यामुळे लाकडावर जगणारे प्राणी त्या समुद्रात जवळपास नाहीत.

इथे एक अपवाद सांगायला हवा. उत्तर अमेरिकेतल्या महासरोवरांचे थंड गोडे पाणीही लाकडी जहाजांना असेच जपत आले. पण गेल्या काही दशकांत बाहेरून आलेल्या क्वॅगा शिंपल्यांनी तिथल्या जहाजांवर जाड थर चढवला आहे. त्यांच्या भाराने भाग तुटतात, लोखंडी खिळे झिजतात आणि कोरलेली अक्षरे दिसेनाशी होतात. आज सुरक्षित असलेली जागा उद्याही तशीच राहील याची खात्री नसते.

४. बुडालेल्या जहाजावर जीवसृष्टी कशी वसते?

समुद्रतळाचा फार मोठा भाग वाळूचा किंवा चिखलाचा आहे. प्रवाळ, स्पंज, समुद्रपुष्पे, कालवे यांना चिकटायला टणक पृष्ठभाग लागतो आणि वाळूत तो मिळत नाही. तिथे जहाज येऊन पडले की तो मिळतो. पहिल्या काही तासांतच जिवाणूंचा बुळबुळीत थर धरतो. मग शेवाळ, बार्नॅकल (टणक कवचाचे, एका जागी चिकटून राहणारे छोटे जीव), नळीत राहणारे कृमी येतात. त्यांच्यानंतर स्पंज आणि मऊ प्रवाळ, आणि उथळ उबदार पाणी असेल तर टणक प्रवाळ. लहान मासे सांदीसपाटीत लपतात, त्यांच्यामागे मोठे मासे येतात. भरगच्च वस्ती व्हायला काही दशके लागतात.

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंड किनाऱ्याजवळचे योंगाला याचे ठळक उदाहरण. १९११ च्या चक्रीवादळात १२२ जणांसह ते बुडाले आणि पुढे जवळजवळ अर्धे शतक त्याचा ठावठिकाणा निश्चित झाला नाही. आज सपाट वाळूवर आडवे पडलेले हे १०९ मीटर लांबीचे जहाज मऊ प्रवाळांनी असे मढले आहे की मूळचा पत्रा शोधावा लागतो. भोवती प्रचंड ग्रूपर, समुद्री साप, कासवे, पाकट मासे फिरत असतात. जहाजाच्या आत शिरायला डायव्हरना मनाई आहे. हे मृतांचे स्थान आहे म्हणून, आणि आणखी एका कारणासाठीही: डायव्हरने सोडलेल्या हवेचे बुडबुडे आतल्या छताला अडकून राहिले तर तिथला पत्रा लवकर गंजतो.

५. अशा जहाजामुळे मासे खरोखर वाढतात, की आसपासचेच तिथे गोळा होतात?

दोन्ही घडते, आणि कोणते किती हे प्रजातीवर ठरते. चिकटून राहणारे जीव ही निव्वळ भर असते. ते जहाजाविना तिथे वाढलेच नसते. सांदीत वाढणाऱ्या पिलांचे जगण्याचे प्रमाणही सुधारते. पण फिरते मोठे मासे बहुतेक वेळा आधीचेच असतात, फक्त एका ठिकाणी जमतात. त्या ठिकाणी बेसुमार मासेमारी झाली तर जहाज माशांसाठी सापळाच ठरते.

उलट बाजूही आहे. जाळे अडकून फाटेल म्हणून ट्रॉलर, म्हणजे तळावरून जाळे ओढणाऱ्या बोटी, अशा जागा टाळतात, त्यामुळे तळ खरवडला जात असलेल्या समुद्रात जहाजाभोवतीचा पट्टा आपोआप राखीव राहतो. अडकून तुटलेली जाळी मात्र तिथेच लटकत राहतात आणि वर्षानुवर्षे मासे, खेकडे, कासवे मारत राहतात.

६. जुनी जहाजे मुद्दाम बुडवून कृत्रिम प्रवाळभिंत करतात, हे योग्य आहे का?

जहाज नीट स्वच्छ केले असेल आणि जागा विचारपूर्वक निवडली असेल तर हरकत नाही, असे माझे मत आहे. पण बुडवण्याआधी इंधन, वंगण, ॲस्बेस्टॉस, केबलच्या आवरणांतली पीसीबी ही विषारी रसायने, सुटे प्लास्टिक हे सगळे काढावे लागते आणि ते काम महागडे असते. ओरिस्कनी ही अमेरिकी विमानवाहू नौका मे २००६ मध्ये फ्लोरिडाजवळ बुडवली. तिच्यात उरलेल्या पीसीबीवरून झालेली चर्चा पुढेही बरीच चालली.

हेतू चांगला असून अंगलट आलेला प्रयोगही फ्लोरिडातलाच आहे. १९७० च्या दशकात मासे वाढतील या आशेने तिथे सुमारे २० लाख जुने टायर समुद्रात टाकले. बांधणी सुटली, टायर लाटांबरोबर फिरू लागले आणि शेजारच्या नैसर्गिक प्रवाळावर आदळू लागले. ते काढण्याचे काम अनेक वर्षे चालू राहिले. त्यामुळे कुणी टाकाऊ वस्तू समुद्रात टाकण्याला संवर्धन म्हणत असेल, तर ती वस्तू तळाशी पन्नास वर्षे जागची हलणार नाही याची हमी आधी मागावी.

७. म्हणजे नैसर्गिक प्रवाळावर जहाज पडले तरी शेवटी फायदाच ना?

नाही, आणि हा गैरसमज मला सर्वांत घातक वाटतो. प्रश्न ४ मधला फायदा ओसाड वाळूवरचा आहे. जिवंत प्रवाळावर जहाज चढले तर आधी तो प्रवाळ चिरडला जातो, आणि नुकसान तिथेच थांबेल असे नाही.

पॅसिफिकमधल्या पामायरा या निर्मनुष्य प्रवाळद्वीपावर १९९१ मध्ये एक मासेमारी जहाज फुटले. काही वर्षांनी त्याच्याभोवती ऱ्होडॅक्टिस हा जीव वेगाने पसरताना दिसला. दिसायला प्रवाळाच्या जवळचा, पण चुन्याचा सांगाडा न करणारा हा जीव जहाजाजवळ इतका दाट वाढला की खऱ्या प्रवाळाला जागाच उरली नाही. जहाजापासून दूर जावे तसे त्याचे प्रमाण घटत होते. त्या भागातल्या समुद्रात लोह फार कमी असते आणि गंजणारे जहाज नेमके लोहच पुरवते, हे कारण असावे असे संशोधकांचे मत आहे. शेवटी २०१३-१४ मध्ये ते जहाज कापून काढावे लागले. अशा ठिकाणी ते जितके लवकर हलवाल तितके बरे.

८. सोन्याचांदीपलीकडे इतिहासाला यातून काय मिळते?

सर्वांत जास्त ऐवज नेमका सोन्याचांदीपलीकडेच असतो. जमिनीवरच्या गावात शतकांचे थर एकमेकांत मिसळतात. जहाजावरच्या सगळ्या वस्तू मात्र एकाच दिवशी एकत्र होत्या, त्यामुळे कोण कुणाशी काय व्यापार करत होते याचा तो नेमका पुरावा असतो.

तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर १९८२ मध्ये एका स्पंज काढणाऱ्या पाणबुड्याने तळाशी पाहिलेल्या वस्तूंचे वर्णन ‘कान असलेली धातूची बिस्किटे’ असे केले. ते होते उलुबुरुन, इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकाच्या अखेरीचे जहाज. १९८४ ते १९९४ या काळात २२ हजारांहून अधिक बुड्या मारून त्याचे उत्खनन झाले. त्यात सुमारे १० टन तांबे आणि १ टन कथील निघाले, म्हणजे कांसे ओतायला लागते त्याच प्रमाणात. तांबे सायप्रसचे होते, कथिलाचा काही भाग मध्य आशियातून आलेला. शिवाय निळ्या काचेच्या लगडी, आफ्रिकेचे काळे लाकूड, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, बाल्टिकचा अंबर आणि राळेने भरलेले रांजण. सव्वातीन हजार वर्षांपूर्वीचा व्यापार किती दूरवर पोचला होता हे एवढ्या स्पष्टपणे सांगणारा दुसरा पुरावा मला माहीत नाही.

इंडोनेशियाजवळ १९९८ मध्ये सापडलेले बेलितुंग जहाज नवव्या शतकातले. खिळे न वापरता दोरीने शिवलेल्या फळ्यांचे हे पश्चिम आशियाई घडणीचे जहाज सुमारे ६० हजार चिनी भांडी घेऊन निघाले होते. पण त्याचे काम व्यापारी पद्धतीने झाले. याच आक्षेपामुळे २०११ मध्ये अमेरिकेतले त्याचे नियोजित प्रदर्शन रद्द झाले.

बुडालेल्या जहाजांच्या नोंदीही उपयोगी पडतात. कॅरिबियनमध्ये बुडालेल्या स्पॅनिश जहाजांच्या नोंदी आणि झाडांची वर्षवलये ताडून २०१६ मध्ये असे दिसले, की १६४५ ते १७१५ या थंड काळात तिथली चक्रीवादळे सुमारे ७५ टक्क्यांनी घटली होती.

९. ऐंशी वर्षांपूर्वी बुडालेल्या जहाजातून आता तेल का गळू लागते?

कारण इतकी वर्षे पत्र्याने ते धरून ठेवले होते. टाकी शाबूत असेल तर जड इंधन थंड पाण्यात घट्ट होऊन आत बसून राहते. प्रश्न २ मध्ये सांगितलेला गंज दुसऱ्या महायुद्धातल्या जहाजांच्या बाबतीत आता ऐंशी वर्षे चाललेला आहे. २००५ च्या एका जागतिक पाहणीत प्रदूषणाचा धोका असलेली सुमारे ८,५०० जहाजे मोजली गेली. त्यांत उरलेल्या तेलाचा अंदाज २५ लाख ते २ कोटी टनांपर्यंतचा होता. अंदाजातली ही तफावतच सांगते की बहुतेक टाक्या कुणी तपासलेल्या नाहीत.

मिसिसिनेवा हे अमेरिकी नौदलाचे तेलवाहू जहाज नोव्हेंबर १९४४ मध्ये पॅसिफिकमधल्या उलिथी खाडीत बुडाले. २००१ मध्ये एका वादळानंतर त्यातून तेल येऊ लागले आणि बेटवासीयांना मासेमारी थांबवावी लागली. २००३ मध्ये २० लाख गॅलनच्या जवळपास तेल उपसून काढण्यात आले. बाहेरून पत्र्यावर झडप बसवायची, तिच्यातून भोक पाडायचे आणि तेल पंपाने वर ओढायचे, अशी ही पद्धत असते. तेल निघते तशी त्याची जागा समुद्राचे पाणी घेते.

हे काम पत्रा मजबूत असेपर्यंतच करता येते. झडप बसवायलाच पत्रा उरला नाही तर मग फक्त पसरलेले तेल गोळा करायचे राहते. म्हणून जुन्या जहाजांविषयीचे इतर वाद सावकाश मिटवा, पण टाक्या तपासण्याचे काम पुढे ढकलू नका, असे मी आग्रहाने सांगेन.

१०. तेलाखेरीज आणखी काय धोका असतो?

दारूगोळा हा जुना धोका. रिचर्ड माँटगोमेरी हे जहाज ऑगस्ट १९४४ मध्ये इंग्लंडमध्ये थेम्सच्या मुखाशी वाळूच्या दांड्यावर चढून मोडले. त्यात आजही सुमारे १,४०० टन स्फोटके आहेत आणि डोलकाठ्या पाण्यावर दिसतात.

नव्या जहाजांत धोका कंटेनरमध्ये असतो. २०२१ मध्ये श्रीलंकेजवळ एक्स-प्रेस पर्ल पेटून बुडाले आणि सुमारे १,६८० टन प्लास्टिकचे मणी सांडले. मसुराएवढा एक एक दाणा वाळूतून वेचणे कुठल्याही यंत्रणेला पुरते जमलेले नाही. मे २०२५ मध्ये केरळजवळ एमएससी एल्सा ३ बुडाले. त्यावर ६४० कंटेनर होते आणि त्यांतल्या १२ मध्ये पाण्याशी संयोग होऊन ज्वालाग्राही वायू सोडणारे कॅल्शियम कार्बाइड होते.

११. महत्त्वाची जहाजे वर काढून संग्रहालयात का ठेवत नाहीत?

वर काढणे हा सोपा भाग आहे. पाणी पिऊन फुगलेले लाकूड तसेच वाळू दिले तर आकसते, पिळवटते, फुटते. म्हणून पाण्याच्या जागी पॉलिइथिलीन ग्लायकॉल हे मेणासारखे रसायन मुरवावे लागते. वासावर त्याचा फवारा १७ वर्षे चालला. १५४५ मध्ये बुडालेली मेरी रोझ ही इंग्लंडची युद्धनौका १९८२ मध्ये वर आली आणि तिच्यावरचा फवारा २०१३ मध्ये थांबला. तरीही काम संपत नाही: वासाच्या लाकडात मुरलेल्या गंधकापासून आम्ल तयार होत असल्याचे २००० मध्ये लक्षात आले आणि हजारो लोखंडी बोल्ट बदलावे लागले. एवढी जबाबदारी पिढ्यान्‌पिढ्या पेलणारी संस्था पाठीशी नसेल तर जहाज गाळातच ठेवणे हा खरा सांभाळ आहे.

१२. बुडालेल्या जहाजावर हक्क कोणाचा? सापडेल त्याचा का?

सहसा नाही. मालकी बुडाल्याने संपत नाही. ती मूळ मालकाकडे किंवा भरपाई दिलेल्या विमा कंपनीकडे राहते. शिवाय किनाऱ्यालगतच्या पाण्यात त्या देशाचा कायदा चालतो. युद्धनौका ज्या राष्ट्राची, त्याचीच राहते असे बहुतेक देश मानतात. १८०४ मध्ये बुडालेल्या मर्सेडीस या स्पॅनिश नौकेची सुमारे १७ टन नाणी एका अमेरिकी कंपनीने २००७ मध्ये वर काढून फ्लोरिडाला नेली. न्यायालयाच्या आदेशाने ती २०१२ मध्ये स्पेनला परत गेली.

नव्या जहाजांबाबत नैरोबी करार (२००७, लागू १४ एप्रिल २०१५) धोकादायक अवशेष हटवण्याची जबाबदारी मालकावर टाकतो आणि ३०० टनांपासून पुढच्या जहाजांना विमा बंधनकारक करतो. प्रश्न ९ मधली महायुद्धकालीन जहाजे मात्र त्याच्या कक्षेत येत नाहीत.

१३. शंभर वर्षांचा नियम काय आहे? ९९ वर्षांच्या जहाजाला संरक्षण नाही का?

युनेस्कोच्या २००१ च्या करारानुसार किमान १०० वर्षे पाण्याखाली असलेले, मानवी इतिहास सांगणारे अवशेष हा वारसा ठरतो. तो शक्यतो जागच्या जागी जपायचा आणि त्याचा व्यापार करायचा नाही. टायटॅनिक २०१२ मध्ये या व्याख्येत आले. दुसऱ्या महायुद्धातली जहाजे २०३९ पासून येऊ लागतील.

मधल्या काळात ती अगदी उघडी नसतात. देश आपल्या कायद्याने आधीच संरक्षण देऊ शकतात. १८६२ मध्ये बुडालेल्या मॉनिटर नौकेची जागा अमेरिकेने १९७५ मध्येच पहिले राष्ट्रीय सागरी अभयारण्य केली, हा करार होण्याच्या कितीतरी आधी. उलट, करारावर सही न केलेल्या देशाला तो बांधत नाही.

१४. युद्धनौका ही सैनिकांची समाधी मानतात. मग तेल काढायला तिला हात लावावा का?

हा सर्वांत अवघड प्रश्न आहे आणि देशांनी वेगवेगळी उत्तरे दिली आहेत. १९४१ च्या जपानी हल्ल्यात पर्ल हार्बर या अमेरिकी नौदल तळावर बुडालेल्या अॅरिझोनावर १,१७७ जण गेले. तिच्यातून आजही रोज थोडे थोडे तेल वर येते आणि अमेरिकेने ते तसेच राहू दिले आहे. स्कॉटलंडमधल्या स्कापा फ्लो इथे ऑक्टोबर १९३९ मध्ये ८०० हून अधिक नौसैनिकांसह बुडालेल्या रॉयल ओकचे तेल मात्र ब्रिटनने बाहेरून झडपा बसवून काढले. मला दुसरा मार्ग पटतो. सैनिकांचे अवशेष जिथे आहेत तिथे न शिरता टाक्या रिकाम्या करता येतात, आणि किनाऱ्यावरच्या जिवंत माणसांचाही विचार करायला हवा.

समाधीचा अवमान खरा होतो तो भंगारचोरांकडून. १९४२ मध्ये जावा समुद्रात बुडालेल्या डच युद्धनौकांच्या जागी २०१६ मध्ये पाणबुडे गेले, तेव्हा तळावर जहाजांच्या आकाराचे नुसते खड्डे होते. पोलाद आणि पंख्यांच्या कांशासाठी अख्ख्या नौका उचलून नेल्या होत्या.

१५. जाळ्यात किंवा डायव्हिंग करताना जुनी वस्तू सापडली तर काय करावे?

तळाशी दिसली तर उचलू नका. फोटो घ्या, शेजारी मापासाठी काहीतरी ठेवा, जीपीएसची नोंद आणि खोली लिहून ठेवा. जाळ्यातून वर आलीच असेल तर ती लगेच समुद्राच्याच पाण्यात, झाकण असलेल्या भांड्यात सावलीत ठेवा. घासू नका, चिकटलेला खडकासारखा थर फोडू नका. बऱ्याचदा आतले लोखंड विरघळून गेलेले असते आणि वस्तूचा आकार त्या थरातच साचा होऊन उरलेला असतो. वाळली की मातीच्या भांड्यात मिठाचे स्फटिक होऊन पापुद्रे सुटतात, लाकूड चिरते. मग पुरातत्त्व खात्याला किंवा तटरक्षक दलाला कळवा.

वस्तू तोफगोळ्यासारखी, नळकांड्यासारखी वाटली, किंवा पिवळसर मेणासारखा गोळा निघाला, तर त्याला हात लावू नका. माणसे दूर हलवा, बोटीवर आग किंवा विडी-सिगारेट पेटवू नका आणि रेडिओवरून तटरक्षक दलाला कळवून ते सांगतील तसेच करा.